ठसे मोडीत देऊ नका

तीर्थरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आई म्हणाली की जुन्या वस्तू घेणारा कुणी पेढीवर येऊन गेला, त्याला आपले दागिने घडवायचे काशाचे ठसे वजनावर हवेत, आणि बाबा ‘देऊन टाकतो’ म्हणतायत. तेव्हा माझ्या तोंडून धड शब्द फुटला नाही, म्हणून लिहायला बसलेय. बाबा, ठसे देऊ नका.

तुमची कारणं मला ठाऊक आहेत. डोळे पूर्वीसारखे चालत नाहीत. बाजारात तयार माल येतो, त्यापुढे आपली घडणावळ लोकांना जास्त वाटते. आणि हॉलमार्कची धास्ती. काका म्हणतात तसं मागची खोली पाडून पर्यटकांसाठी खोल्या काढल्या तर किल्ला बघायला येणाऱ्यांची मालवणात वानवा नाही, तेही खरं.

पण हॉलमार्कचं आधी सांगते, कारण माझं रोजचं कामच ते. २०२१च्या जूनपासून सक्ती टप्प्याटप्प्याने आली, तरी ज्यांची वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत आहे त्यांना तीतून सूट आहे. तोळा लाखावर गेलाय. म्हणजे चाळीस तोळ्यांच्या आतच ती मर्यादा गाठली जाते, पण आपल्याकडे तेवढंही सोनं हल्ली फिरत नाही, म्हणून तुम्ही त्या सुटीत बसता. गाठवणं, डाक लावणं म्हणजे धातू वितळवून सांधा जोडणं, लाख भरणं ही दुरुस्तीची कामं तर नवीन दागिन्याची विक्रीच नव्हे. त्या भीतीपोटी पेढी बंद करायचं कारण नाही.

पुण्यात आमच्या हॉलमार्क केंद्रात ट्रे भरभरून दागिने येतात. यंत्रावर कापलेले, साच्यात ओतलेले, कसाला चोख. मी त्यांना नावं ठेवत नाही. पण मध्ये एकदा कुणाच्या आजीची बोरमाळ तपासायला आली, आणि मणी हातात घेताच कळलं की हा पत्रा ठशाच्या खळग्यात बसवून हाताने ठोकलाय. दोन अर्ध्या वाट्या जुळवलेली सांध्याची रेघ भिंग लावूनही जेमतेम दिसत होती. तिथल्या मुलांना मी ती दाखवत बसले. असा सांधा तुमचा असतो. तो शिकवणारी माणसं आता किती उरलीत, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

कसोटीचंही तसंच. कुणी दागिना मोडायला आणला की तुम्ही आधी आडजागी कानस मारता आणि मगच दगडावर रेघ ओढता. लहानपणी वाटायचं, उगाच दागिन्याला ओरखडा का काढतात. आमचं क्ष-किरणांचं यंत्र फक्त वरचा थर वाचतं, मुलामा जाड असला तर तेही फसतं. म्हणून खात्री करायची तर आम्ही दागिन्यातून चिमूटभर सोनं काढतो, शिसं आणि चांदीबरोबर भट्टीत घालतो. हिणकस सगळं शिशाबरोबर सच्छिद्र वाटीत जिरतं, उरलेल्या मण्यातली चांदी नायट्रिक आम्लात विरघळते, आणि जे राहतं ते तोलतो. वरच्या रंगावर विश्वास ठेवायचा नाही, आत जायचं, हे मी नोकरीत शिकले नाही, मागच्या खोलीत तुमच्या शेगडीजवळ बसून शिकले.

आणि हे ठसे आजोबांनी कोणत्या काळात सांभाळले ते तुम्हीच मला सांगितलंत. १९६३ साली सुवर्ण नियंत्रण आलं, चौदा कॅरेटच्या वर नवा दागिना घडवायचा नाही असा नियम झाला. त्या सोन्यात तांबं-चांदी इतकी की ते बावीस कॅरेटसारखं हातोडीखाली पसरेना. गिऱ्हाईक येईना. देशभर सोनारांच्या शेगड्या विझल्या, कितीकांनी जीव दिले. आजोबांनी देवांचे चांदीचे टाक केले, नवसाचे डोळे केले, तांब्या-पितळेला डाक लावले, पण ठसा एकही विकला नाही. सुवर्ण नियंत्रण पुरतं गेलं ते १९९० साली. त्यांना तेव्हा पैशांची जेवढी नड होती, तेवढी आज आपल्याला नक्कीच नाही.

होडीवाल्यांच्या बायका अजून तुमच्याकडेच येतात ना? १ जूनला मासेमारी बंद झाली की पावसाळ्यात एखादी पाटली मोडायची, आणि नारळी पौर्णिमेनंतर मासळी लागली की परत घडवायची. आत लाख किती गुंजा, सोनं किती, हे तुम्ही त्यांना तोलून दाखवता, म्हणून त्या येतात. त्यांनी जायचं कुठे?

माझं म्हणणं एवढंच आहे. मोठी कामं घेऊ नका. मंगळसूत्राच्या वाट्या, कुड्या, दुरुस्ती, बाळांचे कान टोचणं, एवढंच ठेवा. शेजारचा मुलगा तुमच्याजवळ बसतो, त्याचं नाव पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत घालूया. सोनारकाम त्यातल्या अठरा व्यवसायांत आहे, अवजारांना पंधरा हजार मिळतात आणि प्रशिक्षणाचे दिवसाला पाचशे. अर्ज मी भरते. त्याचे कागद तेवढे फोटो काढून पाठवा.

आणखी एक, ही विनंती नाही, हट्ट आहे. कॅडमियमचा डाक घरात असेल तर तो बंद. त्याचा धूर फुप्फुसं आणि मूत्रपिंडं खातो. आपला जुना तांबं-चांदीचा डाक आणि टाकणखार पुरे, वितळायला जरा जास्त आच लागली तरी चालेल.

चतुर्थीला मी जास्त रजा काढून येतेय. जंतरातून तार ओढायला तुम्ही मला लहानपणी शिकवलंत, ठशावरचं काम मात्र कधी हातात दिलं नाहीत. या वेळी द्या. पत्रा किती पातळ झाला की थांबायचं, कुठे परत तापवून मऊ करायचा, ते मला तुमच्यासमोर बसून करायचंय. प्रत्येक ठशाचं नाव आणि तो कशाचा, हे वहीत लिहूनही घेणार आहे. आई, तोवर तू त्यांच्या डोळ्यांच्या डॉक्टरांची तारीख घेऊन ठेव. मोतिबिंदू काढायचा असेल तर मी असतानाच काढू. आणि तो माणूस परत आला तर त्याला तूच सांग, ठसे विकायचे नाहीत, मुलीला लागतात.

तुमची,
बाय