भीमतालहून, आई-बाबांना

भीमताल, 28 एप्रिल 2024

आई, बाबा,

आम्ही सगळे ठीक आहोत, हे आधीच सांगतो, कारण टीव्हीवर नैनीतालची आग पाहून आई रात्रभर जागली असणार. आमचं हॉटेल भीमतालला आहे, आग तिकडं नैनीतालच्या पाइन्स भागात आणि आजूबाजूच्या डोंगरांवर. धुराचा वास इथवर येतो, छोटीला जरा खोकला झाला म्हणून खिडक्या लावून ठेवल्या, बाकी काही नाही.

काल एअरफोर्सचं एमआय-17 आलं होतं. खाली लटकवलेली मोठ्ठी बादली, बांबी बकेट म्हणतात तिला, तलावात बुडवायची, भरली की उचलायची आणि डोंगरावर नेऊन ओतायची. काठावर ही गर्दी, सगळे मोबाइल वर करून उभे.

पण बाबा, मला तुम्हाला सांगायचंय ते वेगळंच. संध्याकाळी टॅक्सीनं परत येताना ड्रायव्हरनं गाडी थांबवली, रस्त्याच्या वरच्या अंगाला फॉरेस्ट गार्ड आणि गावातली माणसं वणवा विझवत होती, ना पाइप ना टँकर, हातात नुसत्या हिरव्या फांद्या, त्यांनीच आगीवर झोडपत होते. इथं सगळीकडे चीड म्हणजे पाइनची झाडं, त्यांच्या सुयांसारख्या पानांचा वाळलेला थर, पिरूल म्हणतात त्याला, जमिनीवर गादीसारखा पसरलेला, त्यात राळ असते म्हणून धडाधड पेटतो. मग चिडाचं एक पेटलेलं फळ उतारावरून गडगडत आलं आणि झाडून साफ केलेला पट्टा ओलांडून खालच्या सुयांत पडलं. लगेच तिथंही धूर. एक पोरगं धावलं, फांदीनं मारून मारून ते विझवलं, आणि न बोलता परत वर चढलं.

मला तिथं तुम्हीच दिसले बाबा. एप्रिल-मेमध्ये देवलापारच्या जंगलातून घरी यायचे तेव्हा शर्टाला राखेचा वास असायचा आणि आई तो शर्ट वेगळ्या बादलीत भिजवायची. कोणी विचारलं तर तुम्ही म्हणायचे, लोकांनी मोहाची फुलं वेचायला झाडाखालचा पाला जाळला, दुसरं काय. एवढंच. रात्र रात्र जंगलात काय करायचे ते कधी सांगितलंच नाही तुम्ही, आणि काल ते उभ्या उभ्या पाहिलं तर माझे पाय थरथरत होते. नाकेदाराची, म्हणजे वनरक्षकाची, नोकरी म्हणजे काय हे आमच्या ऑफिसातल्या कोणालाच कळायचं नाही, मला फार अभिमान वाटला तुमचा, फोनवर बोलता आलं नसतं म्हणून लिहितोय.

त्या गार्डशी थोडं बोललो, माझे वडील नागपूरकडे पेंचच्या जंगलात होते म्हटल्यावर त्यानं घाम पुसत हात मिळवला. म्हणाला, तुमच्याकडं सागवानात जाळरेषा, म्हणजे आग अडवायला साफ केलेला पट्टा, किती रुंद ठेवतात? मला काही सांगता आलं नाही. त्याचा नंबर घेऊन ठेवलाय, तुम्हीच बोला त्याच्याशी, उद्या दुपारी लावून देतो.

आई, गोळ्या वेळेवर घे, आणि बाबांना उन्हात भाजी आणायला पाठवू नको.

तुमचा,
मंगेश