पावती असली की खर्च, नसली की माया

माननीय आरोग्यमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

रात्री अकरा, एक, तीन, पाच. माझ्या मोबाइलवरचे हे चार गजर गेली सहा वर्षं तेच आहेत. उठायचं, नवऱ्याची कूस बदलायची, पाठीशी उशी लावायची, लघवीची पिशवी रिकामी करायची, टॉर्च मारून माकडहाडावर लाली आलीय का ते बघायचं आणि वहीत वेळ टाकायची. दोन-तीन खेपा चुकल्या की बेडसोर धरलाच. एका साध्या शस्त्रक्रियेत भूल देताना मेंदूला ऑक्सिजन कमी पडला. चालत गेलेला माणूस स्ट्रेचरवरून घरी आला. चूक मान्य झाली, भरपाईही मिळाली.

भरपाईच्या हिशेबात औषधं होती, व्हीलचेअर होती, त्यांचा बुडालेला पगार होता. मी कुठेच नव्हते. विचारलं तर समोरचे वकील म्हणाले, "बाई, तुम्ही तर घरच्याच ना?"

घरचीच आहे, म्हणून तर नोकरी सोडली. पगार गेला, पुढची पेन्शन गेली, कंबर गेली ती वेगळीच. मध्ये माझंच ऑपरेशन झालं तेव्हा महिनाभर पगारी अटेंडंट ठेवली होती. तिची पावती दाव्यात बिनतक्रार मंजूर झाली. काम तेच, पलंग तोच, माणूसही तोच. पण पावती असली की तो खर्च, नसली की माया!

हे कोडं नवं नाही. ब्रिटनमध्ये 1994 साली हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हा तिथलं सर्वोच्च न्यायालय तेच होतं) सांगितलं की घरच्यांच्या सेवेपोटी मिळालेली रक्कम रुग्णाने सेवा करणाऱ्याची ठेव म्हणून सांभाळायची. म्हणजे पैसे कोणाचे, हे तरी ठरलं. (तिथेही बाजारभावातून बरेचदा चौथा हिस्सा वगैरे कापतात. मायेवर सूट!) न्यूझीलंडमध्ये 1974 पासून अपघात भरपाई योजना आहे. उपचारातून झालेल्या इजेलाही ती लागू होते, दोष कोणाचा हे सिद्ध करत बसावं लागत नाही, आणि घरच्या माणसाने केलेल्या सेवेचेही पैसे मिळू शकतात.

महोदय, आपल्या नियमांत एवढं घाला: घरच्या सेवेचे तास पगारी अटेंडंटच्याच दराने मोजावेत, आणि पैसे थेट सेवा करणाऱ्याच्या खात्यात, दरमहा यावेत. एकरकमी भरपाई रुग्ण किती जगेल याच्या अंदाजावर बेतलेली असते. तो जास्त जगला तर पैसे आधी संपतात, आणि मग त्याच्या जगण्याचीच धास्ती वाटायला लागते. हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे. शिवाय वर्षातून काही आठवडे बदली माणूस हवा. मला ताप आला म्हणून तीनचा गजर थांबत नाही.

पुरावा काय, असं आपलं कार्यालय विचारेल. सोबत वहीच्या गेल्या आठवड्याच्या सात पानांच्या प्रती जोडल्या आहेत. पहाटे तीनच्या नोंदींचं अक्षर काही ठिकाणी लागणार नाही. फोन केलात तर वाचून दाखवीन.

आपली,
एका रुग्णाची बायको