ईस्ट हेस्टिंग्जचे मतदार सवयीने मत देत नाहीत

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत अलीकडेच आलेला व्हँकुव्हरवरील प्रवासलेख वाचला. स्टॅन्ले पार्क, खाडी आणि तिच्यामागचे बर्फाचे डोंगर यांचे वर्णन लेखकाने मन लावून केले आहे, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. मात्र ईस्ट हेस्टिंग्ज रस्त्यावर पोहोचताच त्यांनी चार ओळींत निकाल लावून टाकला, की ही नशेबाजांची वस्ती आहे, टॅक्सीच्या काचा वर करून पुढे निघावे, आणि ‘माउंट प्लेझंट मतदारसंघा’तले हे लोक वर्षानुवर्षे सवयीने एकाच पक्षाला निवडून देतात. मी गेली पंचवीस वर्षे या शहरात राहते. त्यांतली पहिली नऊ याच भागात भाड्याच्या घरात गेली, आणि २०१३च्या प्रांतिक निवडणुकीत इथल्याच एका शाळेच्या जिममध्ये मतदान कर्मचारी म्हणून मी सकाळपासून रात्रीपर्यंत बसले होते. काचा वर करायच्या की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. ‘सवयीने’ या शब्दाला मात्र माझी हरकत आहे.

ज्या मतदारसंघाबद्दल लेखक बोलतात त्याचे केंद्र मेन आणि हेस्टिंग्ज या दोन रस्त्यांच्या चौकात आहे. तिथे १९०३ साली बांधलेली कार्नेगी ग्रंथालयाची दगडी इमारत उभी आहे आणि आज ती वस्तीचे समाजकेंद्र म्हणून चालते. चौकाच्या दक्षिणेला लागूनच चायनाटाउन, पूर्वेला स्ट्रॅथकोनाची जुनी लाकडी घरे, उत्तरेला पॉवेल रस्ता, जिथे १९४२पर्यंत जपानी लोकांची दुकाने आणि घरे होती आणि जिथून महायुद्धाच्या काळात त्यांना सरसकट उचलून किनाऱ्यापासून दूर छावण्यांत नेण्यात आले. दक्षिणेकडे चढण चढून गेले की माउंट प्लेझंट लागते, जिथे पूर्वी गिरणी आणि मद्यभट्ट्यांतले कामगार राहत आणि आता लॅपटॉपवाली तरुण मंडळी महागडी कॉफी पीत बसलेली दिसतात. इतकी वेगवेगळी माणसे एका मतदारसंघात कशी आली, हे समजायला जरा मागे जावे लागते.

ब्रिटिश कोलंबिया प्रांतात मतदारसंघाला बोलीत ‘रायडिंग’ म्हणतात. (घोड्याचा यात काही संबंध नाही, तो ‘तिसरा हिस्सा’ अशा अर्थाच्या जुन्या नॉर्डिक शब्दाचा अपभ्रंश आहे.) व्हँकुव्हर शहरात १९८६च्या निवडणुकीपर्यंत द्विसदस्यीय रायडिंग होती, म्हणजे एका मतदाराला दोन मते आणि एका मतदारसंघातून दोन आमदार. आपल्याकडच्या जुन्या वाचकांना हे परके वाटणार नाही, कारण १९५२ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईतल्या ज्या लोकसभा मतदारसंघातून लढले तोही द्विसदस्यीयच होता, आणि आपण ती पद्धत १९६१च्या कायद्याने बंद केली. इथे ती आणखी तीस वर्षे टिकली. त्या काळात मतदारसंघांच्या लोकसंख्येतही जमीन-अस्मानाचा फरक होता. उत्तरेकडच्या ओसाड भागातल्या एका मताचे वजन शहरातल्या मताच्या कितीतरी पट भरे. नागरी हक्कांसाठी काम करणाऱ्या मंडळींनी याविरुद्ध दाद मागितली, आणि १९८९ साली न्यायमूर्ती बेव्हर्ली मॅकलॅकलिन यांनी, ज्या पुढे कॅनडाच्या सरन्यायाधीश झाल्या, ही विषमता राज्यघटनेतल्या मताधिकाराशी विसंगत असल्याचा निर्णय दिला. त्यानंतर सरासरीपेक्षा साधारण पंचवीस टक्क्यांपर्यंत कमी-जास्त हा दंडक पाळून ७५ एकसदस्यीय मतदारसंघ आखले गेले, आणि त्यांतूनच १९९१च्या निवडणुकीसाठी व्हँकुव्हर-माउंट प्लेझंट जन्माला आला.

आखणीची ही बाजू झाली. पण इथे मत कोणाला होते आणि कोणाला नव्हते, हे सांगितल्याशिवाय इथला मतदार कळणार नाही. प्रांत कॅनडात सामील झाल्यावर थोड्याच वर्षांत, १८७०च्या दशकात, चिनी लोक आणि या भूमीचे मूळ रहिवासी यांची नावे मतदारयादीतून काढून टाकण्यात आली. १८९५मध्ये जपान्यांची पाळी आली, आणि १९०७मध्ये ‘हिंदूं’ची. त्या कायद्यातला हिंदू म्हणजे हिंदुस्थानातून आलेला कोणीही, ज्यांत बहुसंख्य शीख होते. एखादा मराठी माणूस तेव्हा इथे स्थायिक झाला असता तर तोही त्याच रकान्यात गेला असता. प्रांताच्या यादीत नाव नाही म्हणून देशाच्या निवडणुकीत मत नाही, आणि मतदार नाही म्हणून वकिली किंवा औषधविक्रेत्याचा परवानाही नाही, अशी ती साखळी होती. चिनी आणि भारतीय लोकांना प्रांतिक मताधिकार मिळायला १९४७ उजाडावे लागले, आणि जपानी व मूळ रहिवाशांना १९४९. यांतल्या बहुतेक समाजांची माणसे ज्या थोड्या चौरस किलोमीटरांत दाटीने राहत आली, तो भाग म्हणजेच हा मतदारसंघ.

२०१३च्या त्या दिवशी माझ्या टेबलाशी ऐंशीच्या घरातल्या एक चिनी आजी आल्या. सुती पिशवीत भाजी, वर छत्री, आणि ओळखपत्र प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळलेले. ते सोडवायला वेळ लागला म्हणून त्यांनी मागच्या रांगेकडे वळून क्षमा मागितली. मतपत्रिका हातात घेतल्यावर त्या लगेच पडद्याआड गेल्या नाहीत. त्यांचा जन्म याच वस्तीतला. त्यांच्या वडिलांनी देशात शिरण्यासाठी ५०० डॉलरचा डोईकर भरला होता, आणि वडिलांनी पहिले मत दिले तेव्हा वडिलांचे वय सत्तावन्न होते, एवढे आजींनी मला उभ्या उभ्या सांगितले. मग पेन्सिल घेऊन आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. त्यांच्या मागोमाग एक गृहस्थ आले. त्यांच्याकडे पत्ता नव्हता. रात्रनिवाऱ्यातल्या शेजाऱ्याने हमी दिल्यावर आम्ही त्यांची नोंद केली. दोघांनी कोणाला मत दिले ते मला ठाऊक नाही, पण सवयीने आलेली माणसे मी दिवसभर पाहिली होती, आणि ही त्यांतली नव्हती.

आता पक्षाविषयी. हा भाग न्यू डेमोक्रॅटिक पक्षाकडे झुकतो हे खरेच आहे, आणि त्याची मुळे त्या पक्षाच्या पूर्वावतारात, सीसीएफमध्ये (को-ऑपरेटिव्ह कॉमनवेल्थ फेडरेशन) आहेत. १९३५च्या राष्ट्रीय निवडणुकीत या पक्षाला मत म्हणजे चिन्यांना आणि जपान्यांना मताधिकार, असा भीतीचा प्रचार विरोधकांनी जाहिरातींतून केला होता. ज्यांना मतच नव्हते त्यांच्यासाठी बोलण्याने तेव्हा मते जात, मिळत नसत, तरी व्हँकुव्हर ईस्टचे खासदार अँगस मॅकइनिस बोलत राहिले. असे देणे लोक विसरत नाहीत.

दुसरा धागा रस्त्याचा आहे. १९६०च्या दशकात पुनर्विकासाच्या नावाखाली महापालिकेने स्ट्रॅथकोनातल्या घरांच्या रांगाच्या रांगा पाडल्या, आणि १९६७मध्ये चायनाटाउनच्या छातीवरून द्रुतगती मार्ग नेण्याचा घाट घातला. १९६८ साली घरमालक आणि भाडेकरूंनी मिळून संघटना काढली; मेरी ली चॅन आणि त्यांची मुलगी शर्ली चॅन दारोदार फिरल्या, आणि माईक हारकोर्ट नावाच्या तरुण वकिलाने त्यांना कायद्याची बाजू सांभाळून दिली. द्रुतगती मार्ग रद्द झाला. त्याचे दोन पूल तेवढे १९७२मध्ये उभे राहिले आणि त्यांच्याखाली शहरातली एकमेव कृष्णवर्णीय वस्ती, होगन्स ॲली, भुईसपाट झाली. हेच हारकोर्ट पुढे महापौर झाले आणि १९९१मध्ये याच नव्या मतदारसंघातून निवडून येऊन प्रांताचे प्रीमियर, म्हणजे मुख्यमंत्री झाले. घर वाचवायला आलेल्या वकिलाला वीस-बावीस वर्षांनी मत देणे याला सवय म्हणायचे, की ओळख?

त्यांच्यानंतर १९९६मध्ये जेनी क्वान आल्या. हाँगकाँगमध्ये जन्मलेल्या क्वान डाउनटाउन ईस्टसाइडमध्ये, म्हणजे याच मेन-हेस्टिंग्जच्या वस्तीत, रहिवाशांच्या हक्कांचे काम करत होत्या. त्या वर्षी विधानसभेत पोहोचलेल्या दोन चिनी वंशाच्या आमदारांपैकी त्या एक, आणि १९९८मध्ये त्या वंशाच्या प्रांतातल्या पहिल्या मंत्री. खरी कसोटी २००१ साली लागली. प्रांतभर लाट फिरली आणि लिबरल पक्षाने ७९पैकी ७७ जागा जिंकल्या. उरल्या त्या दोन, शेजारशेजारच्या: व्हँकुव्हर-हेस्टिंग्जमध्ये जॉय मॅकफेल आणि माउंट प्लेझंटमध्ये क्वान. चार आमदार नाहीत म्हणून त्यांना अधिकृत पक्षाचा दर्जाही नाकारण्यात आला, आणि पुढे तीन वर्षांहून जास्त काळ या दोन बायकांनी ७७ जणांसमोर विरोधी पक्ष चालवला. मी तेव्हा इथे नवखी होते. घरमालकीणबाई रोज संध्याकाळी सभागृहाचे प्रक्षेपण लावायच्या आणि क्वान उभ्या राहिल्या की गॅस बारीक करायच्या, एवढे आठवते.

क्वान २०१५मध्ये संघराज्याच्या संसदेत गेल्या. फेब्रुवारी २०१६च्या पोटनिवडणुकीत मेलनी मार्क निवडून आल्या, ब्रिटिश कोलंबियाच्या विधानसभेत निवडून आलेल्या पहिल्या फर्स्ट नेशन्स, म्हणजे मूळ रहिवासी समाजातल्या, महिला. पुढच्याच वर्षी त्या मंत्री झाल्या, आणि २०२३मध्ये सभागृहाच्या कारभारावर कडवट टीका करून बाहेर पडल्या. त्यांची जागाही एका मूळ रहिवासी स्त्रीने, जोन फिलिप यांनी घेतली. ज्या समाजांना शेवटी मत मिळाले त्यांच्याच स्त्रिया १९९६पासून आजवर इथल्या आमदार आहेत, हा योगायोग मला वाटत नाही.

याचा अर्थ सगळे आलबेल आहे असा नव्हे. घरभाड्याचे कायदे, आरोग्य, गरिबांचा निर्वाह भत्ता, हे सगळे प्रांताच्या अखत्यारीत येते, म्हणून इथे आमदाराचे काम खासदारापेक्षा जास्त जाणवते. हेस्टिंग्जवरची जुनी हॉटेले एकेकाळी लाकूडतोडे आणि खाणकामगार यांच्यासाठी बांधलेली. आज त्यांत दहा बाय दहाच्या खोल्या आणि मजल्याला सामाईक संडास-न्हाणी, आपल्या चाळीसारखेच, फक्त शेजार नसलेले. त्यांतल्या बालमोरलमधून २०१७मध्ये धोकादायक ठरवून सगळ्यांना बाहेर काढावे लागले. त्याच वर्षी न्यू डेमोक्रॅटिक सरकार सत्तेवर आले, आणि तरीही नशेच्या अतिमात्रेने होणारे मृत्यू, ज्यांच्यासाठी प्रांताने २०१६मध्ये सार्वजनिक आरोग्य आणीबाणी जाहीर केली होती, पुढच्या काही वर्षांत आणखी वाढले. २००३मध्ये याच रस्त्यावर सुरू झालेले देखरेखीखालचे इंजेक्शन केंद्र, उत्तर अमेरिकेतले अशा प्रकारचे पहिले अधिकृत केंद्र, बंद करायला निघालेल्या केंद्र सरकारला २०११मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रोखले, ही जमेची बाजू. पण आपल्या पक्षाचे सरकार आले म्हणजे खोलीला खिडकी येते असे नाही, आणि हे इथले मतदार प्रवासी लेखकांपेक्षा चांगले जाणतात.

शेवटी एक चूक दुरुस्त करावी अशी विनंती. लेखात ज्याचा उल्लेख आहे तो माउंट प्लेझंट मतदारसंघ आता अस्तित्वात नाही. न्यायमूर्ती नित्या अय्यर यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने २०२३मध्ये अहवाल दिला, जागा ८७वरून ९३ झाल्या, आणि ऑक्टोबर २०२४च्या निवडणुकीपासून या मुलखाचा बराचसा भाग व्हँकुव्हर-स्ट्रॅथकोना या नावाने ओळखला जातो. जोन फिलिप आता तिथल्या आमदार आहेत. वस्तीला ते नाव शाळेवरून आले आणि शाळेला लॉर्ड स्ट्रॅथकोना यांच्यावरून. पॅसिफिक रेल्वेचा शेवटचा खिळा ७ नोव्हेंबर १८८५ रोजी त्यांनीच ठोकला. त्या प्रसिद्ध छायाचित्रात, ज्यांनी हा मार्ग डोंगर फोडून आणला त्या हजारो चिनी मजुरांपैकी कोणी दिसत नाही, आणि त्याच वर्षी त्यांच्यावर पहिला डोईकर बसला, ५० डॉलरचा. माझ्या टेबलाशी आलेल्या आजींच्या वडिलांपर्यंत तो दहापट झालेला होता.

आपली वाचक,
व्हँकुव्हर