हाड जुळलं म्हणून फाइल मिटली, गुडघ्याचं काय?

मा. मंत्रीमहोदय,
सप्रेम नमस्कार.

आपण कामात असाल, म्हणून थोडक्यात लिहितो. परवा भरपाईचा अर्ज घेऊन सरकारी खिडकीवर गेलो होतो. उच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२५ मध्ये सांगितलंय ना, खड्ड्यापायी मेला तर ६ लाख, जखमी झाला तर ५० हजार ते अडीच लाख. साहेबांनी कागद चाळले. "२०१६ चा अपघात? अहो, हाड कधीच जुळलंय की!" अर्ज परत.

जुळलंय, खरंय. दुधाचे कॅन लावलेली गाडी पाण्यानं भरलेल्या खड्ड्यात गेली आणि नडगीचं हाड वर फुटलं, नेमकं गुडघ्याच्या सांध्यात. प्लेट बसवली, एक्स-रे झकास आला. पण सांध्यातली कूर्चा, म्हणजे हाडाच्या टोकावरची गुळगुळीत गादी, हाडासारखी भरून येत नाही, तिला रक्तपुरवठाच नसतो. पृष्ठभाग जरा खालीवर राहिला की ती झिजत जाते, वर्षानुवर्षं, गुपचूप. तुमच्या डांबराचं झिजणं निदान एका पावसात कळतं.

आज मी ४७ चा आणि डावा गुडघा सत्तरीचा. सकाळची पहिली दहा पावलं भिंत धरून. कॅन उचलवत नाही, रतीब पोराकडे गेला, त्याचं कॉलेज सुटलं. मुलीचं कन्यादान खुर्चीवर बसून केलं. भटजींनी चालवून घेतलं, तुमच्या खिडकीनं नाही. डॉक्टर म्हणतात, एवढ्यात गुडघा बदलला तर पुढं परत बदलावा लागेल, होईल तितकं सोसा. २०१७ मध्ये सरकारनं साध्या कृत्रिम गुडघ्याचा भाव ५४,७२० रुपयांवर बांधला. आनंद आहे. खोली, भूल आणि बुडालेला रतीब त्या भावात बसत नाही.

सांधे झिजलेल्यांत शंभरातले दहा-बारा असे जुन्या माराचे, असं कुठंतरी वाचलं. चूक असेल तर सचिवांनी दुरुस्त करावं, तेवढ्यापुरतं तरी पत्र वाचलं जाईल.

मागणी एवढीच: अर्जात 'सांध्याला मार' असा रकाना ठेवा, आणि दुखणं दहा वर्षांनी उमटलं तरी तो अर्ज घ्या.

मुंबई-गोवा महामार्ग २०११ पासून रुंद होतोय. दर गणपतीला नवी तारीख. तो केंद्राचा, ठाऊक आहे. गुडघ्याला केंद्र-राज्य कळत नाही. रस्त्याला दरसाल मुदतवाढ आणि माझा अर्ज तेवढा मुदतीबाहेर!

माझ्या खड्ड्यात काल मुरूम पडलाय. आपला दौरा आहे म्हणे. जुलैत या.

आपला,
एक रतीबवाला