कोंकच्या खिडक्या मध्ययुगीन नाहीत

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत दक्षिण फ्रान्समधील कोंक या खेड्यावरचा सचित्र लेख वाचला. लेखकाने मनापासून लिहिले आहे आणि छायाचित्रेही सुरेख आहेत. परंतु मठाच्या चर्चमधील खिडकीच्या छायाचित्राखाली ‘बाराव्या शतकातील रंगीत काचा’ अशी जी ओळ छापली गेली आहे, ती दोन्ही अंगांनी चुकीची आहे. त्या काचा १९८७ ते १९९४ या काळात तयार झाल्या आणि त्यांत रंगाचा लवलेशही नाही. एवढी एक दुरुस्ती कळवून थांबलो असतो, पण ही चूक नुसत्या ओळीपुरती नाही असे वाटल्यामुळे थोडे सविस्तर लिहीत आहे. ‘येथे काळ थांबला आहे’ हे वाक्य संबंध लेखात तीनदा आले आहे, आणि एकदा काळ थांबला असे ठरवले की तिथले सगळेच बाराव्या शतकातले दिसू लागते.

मी या गावी दोनदा गेलो. पहिल्या खेपेस सहलीच्या बसने, भर दुपारी, पाऊण तासासाठी. चर्चसमोरच्या छोट्याशा चौकात तीन गटांचे तीन झेंडे उभे होते आणि आमच्या मार्गदर्शकाचे बोलणे शेजारच्या मार्गदर्शकाच्या बोलण्यात मिसळत होते. शिंपल्याच्या आकाराचे एक चुंबक विकत घेऊन मी बसमध्ये परतलो आणि गाव ‘पाहिले’ असे पुढे काही वर्षे लोकांना सांगत राहिलो. दुसऱ्या खेपेस चालत गेलो. ल प्वी या शहरापासून स्पेनमधील सांतियागो दे कोंपोस्तेलाकडे जाणारी जी जुनी यात्रेची वाट आहे, तिच्यावर कोंक सुमारे दोनशे किलोमीटरवर येते. आम्ही त्यातला फक्त शेवटचा, गोलिन्याकपासूनचा एकवीसएक किलोमीटरचा टप्पा चाललो. माळावरून वाट एकदम दगडगोट्यांतून खाली उतरते, गुडघ्यांची परीक्षा घेते आणि झाडांतून अचानक करड्या दगडी छपरांमध्ये आणून सोडते. गाव उश आणि दुर्दू या दोन नद्यांच्या संगमाजवळच्या उतारावर वसले आहे, आणि त्या खोऱ्याच्या आकारावरूनच, लॅटिनमधील शिंपल्याच्या शब्दावरून, त्याला हे नाव पडले असे मानतात.

या गावाच्या भाग्याचे मूळ एका चोरीत आहे, हे आपल्या लेखात आलेच नाही. सेंत-फ्वा ही आजें गावची कोवळ्या वयाची मुलगी. ख्रिस्ती धर्म न सोडल्याबद्दल चौथ्या शतकाच्या आरंभी तिला ठार मारण्यात आले. तिच्या अस्थी आजेंलाच होत्या. कोंकचा मठ तेव्हा आडबाजूला आणि गरीब होता, आणि संताच्या अस्थींवाचून यात्रेकरू येत नव्हते. तेव्हा परंपरा सांगते की कोंकचा एक भिक्षू आजेंला जाऊन राहिला, तिथल्या लोकांचा विश्वास त्याने संपादन केला आणि कित्येक वर्षांनी संधी साधून, ८६६ च्या सुमारास, तो अस्थी घेऊन कोंकला परतला. मठाच्या दृष्टीने ते पुण्यकर्म होते. संताची इच्छा नसती तर तिने चोरी होऊच दिली नसती, असा त्या काळचा बिनतोड युक्तिवाद होता. त्यानंतर यात्रेकरू आले, देणग्या आल्या आणि अकराव्या शतकात आजचे चर्च उभे राहू लागले. गाभाऱ्याभोवती प्रदक्षिणेसारखा फिरता मार्ग आहे तोही यासाठीच, की आत पूजा चालू असताना गर्दी बाहेरून सरकत राहावी. अस्थींसाठी घडवलेली सोन्याने मढवलेली, रत्ने जडवलेली बसलेली मूर्ती आजही गावातच आहे. तिची उंची मीटरभरही नाही, आणि तिचा चेहरा बाकीच्या देहाहून जुना, रोमन साम्राज्याच्या उत्तरकाळातला आहे. तिची नजर वर, आपल्या डोक्यावरून कुठेतरी लागलेली असते. तिच्यासमोर उभे राहिल्यावर थोडे अवघडल्यासारखे होते हे मान्य करतो.

चर्चच्या पश्चिम दारावरील अंतिम न्यायाचे शिल्प मात्र पाऊण तासात पाहण्यासारखे नाही. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातले हे अर्धवर्तुळ, त्यात १२४ आकृती, आणि निळ्या-तांबड्या रंगाचे अंश काही ठिकाणी अजून टिकून. मध्यभागी ख्रिस्त, त्याच्या उजव्या हाताला स्वर्गात जाणाऱ्यांची रांग, डाव्या हाताला नरक. नरकात गळ्यात पैशाची थैली अडकवलेला कंजूष फासावर लटकतो आहे, गर्विष्ठ सरदार घोड्यावरून उलटा पडतो आहे. रांगेत सम्राट शार्लमेनही आहे, आणि मठाधिपती त्याचा हात धरून त्याला पुढे नेतो आहे. सम्राट जरा वाकलेला, ओशाळलेला दिसतो. मठाला दिलेल्या दानांचा वशिला त्याच्याजवळ आहे, पण तो पुरेल की नाही याची त्याला खात्री नसावी. मला सर्वांत आवडलेल्या आकृती मात्र कडेला आहेत. अर्धवर्तुळाच्या काठावर दगडाची एक पट्टी कोरलेली आहे आणि तिच्यामागून छोटी छोटी डोकी बाहेर डोकावतात, बोटांनी पट्टीची कड घट्ट धरून, जणू पडदा किंचित सरकवून कुणी आतला खेळ चोरून पाहावा तशी. फ्रेंच लोक त्यांना ‘कुतूहलवाले’ म्हणतात. दुपारच्या उन्हात, झेंड्यांच्या गर्दीत, मला त्यांतले एकही दिसले नव्हते.

आता काळ थांबल्याविषयी. सोळाव्या शतकापासून मठाची कळा गेली. फ्रेंच राज्यक्रांतीत चर्चची संपत्ती जप्त होऊन सोनेनाणे वितळवले जात असताना कोंकच्या गावकऱ्यांनी ही मूर्ती व इतर खजिना लपवून ठेवला आणि धोका टळल्यावर परत आणून दिला. एवढा मोठा मध्ययुगीन खजिना जागेवर राहिला तो त्यामुळे. पण याच गावाने पुढच्या काही दशकांत मठाच्या ओवऱ्यांची खाण करून टाकली आणि तिथले कोरीव दगड घराघरांत नेले. आज त्या चौकात मोजक्याच कमानी उभ्या आहेत. म्हणजे एकाच गावाने सोने वाचवले आणि दगड पळवले, आणि दोन्ही गोष्टी गरजेपोटीच केल्या असाव्यात. १८३७ मध्ये ऐतिहासिक वास्तूंचा महानिरीक्षक असलेला लेखक प्रॉस्पेर मेरिमे तेथे पोहोचला, तेव्हा चर्च मोडकळीस आले होते. अशा ओसाड मुलखात इतकी समृद्धी सापडेल याची आपल्याला कल्पना नव्हती, असे त्याने नोंदवले आणि पुढे सरकारी दुरुस्ती सुरू झाली. आपल्या मुखपृष्ठावर जे चर्चचे दोन टोकदार मनोरे आहेत, ते त्यांच्या आजच्या रूपात एकोणिसाव्या शतकातलेच आहेत.

तीच गोष्ट घरांची. लाकडी चौकटी, त्यांत भरलेला मातीचा कूड आणि छपरावर माशाच्या खवल्यांसारखे एकावर एक रचलेले दगडी पापुद्रे, हे सगळे टिकले त्याला आधी दारिद्र्य कारण झाले, कारण नवे बांधायला पैसाच नव्हता, आणि नंतर कायदा. फ्रान्सचा ऐतिहासिक वास्तूंचा कायदा १९१३ चा आहे, आणि १९४३ पासून अशा वास्तूभोवती पाचशे मीटरच्या परिघात बाहेरून दिसेल असा बदल करण्यास परवानगी लागू लागली. आम्ही जिथे उतरलो त्या यजमानबाईंनी एका खिडकीच्या झडपा बदलायला काढल्या होत्या. रंगाचे तीन नमुने भिंतीवर फासलेले होते आणि परवानगीचे पत्र यायचे होते. पत्राची वाट पाहून त्या वैतागल्या होत्या, पण शेजाऱ्याने पांढऱ्या प्लॅस्टिकची खिडकी बसवली असती तर तक्रार करायला पहिल्यांदा आपणच गेलो असतो, असेही त्यांनी हसत सांगितले. काळ थांबवण्याचे काम असे अर्ज भरून करावे लागते.

याच संदर्भात आपल्या लेखातील ‘सर्वांत सुंदर गावे’ या उल्लेखाबद्दल एक खुलासा. ते कुण्या प्रवाशाने दिलेले विशेषण नाही. ती १९८२ मध्ये स्थापन झालेली संघटना आहे, आणि तिची कल्पना कोलोंज-ला-रूज या लाल दगडाच्या गावाचे महापौर शार्ल सेराक यांची. सभासदत्वासाठी गावाची लोकसंख्या दोन हजारांच्या आत असावी लागते, किमान दोन संरक्षित वास्तू वा स्थळे असावी लागतात, आणि दर्जा ढासळला तर गावाला काढूनही टाकतात. कोंक त्या यादीत आहे.

आणि शेवटी त्या खिडक्या. चित्रकार पिएर सुलाज यांचा जन्म १९१९ मध्ये कोंकपासून सुमारे चाळीस किलोमीटरवरील रोदेझ येथे झाला. शाळकरी वयात त्यांनी हे चर्च पाहिले आणि आयुष्य कलेला द्यायचे हे आपण तिथेच ठरवले, असे ते सांगत. काळ्या रंगाचे चित्रकार म्हणून जगभर नाव झाल्यावर याच चर्चच्या १०४ खिडक्या आणि झरोक्यांचे काम त्यांच्याकडे आले. त्याआधी तिथे विसाव्या शतकातच बसवलेल्या रंगीत चित्रकाचा होत्या, आणि त्या काढून चित्र नाही, रंग नाही अशा काचा लावण्याला गावात बराच विरोध झाला. सुलाज यांनी असंख्य प्रयोग करून अशी काच सिद्ध केली की जिच्यातून उजेड आत येतो पण बाहेरचे दिसत नाही, आणि जाडीत नव्हे तर काचेच्या कणांतच फरक असल्यामुळे एकाच तावदानात तो कमीजास्त होतो. तूळूजचे काचकारागीर झां-दोमिनिक फ्लरी यांनी या खिडक्या जोडल्या. शिशाच्या काळ्या रेषा खिडकीभर तिरप्या, किंचित वाकत जातात. उन्हाची बाजू तांबूस आणि सावलीची बाजू निळसर भासते, आणि जसजसा सूर्य फिरतो तसतसे हे रंग जागा बदलतात. सकाळी आठला ज्या बाकावर बसलो होतो त्याच बाकावर संध्याकाळी परत बसल्यावर मला आपण चुकून दुसऱ्या चर्चमध्ये आलो असे वाटले.

ज्या वाचकांना जायचे असेल त्यांनी मुक्कामाला जावे, ही विनंती. बसगाड्या पाचच्या सुमारास निघून जातात. रात्रीच्या प्रार्थनेनंतर मठातील एक बंधू दाराबाहेर उभा राहून ते शिल्प आकृतीगणिक समजावून सांगतो, फ्रेंचमध्ये, पण हातवारे इतके बोलके की हशा कुठे पिकणार ते आम्हालाही कळत होते. मग आत ऑर्गन वाजतो आणि वरच्या सज्ज्यात चढून स्तंभांची कोरीव शीर्षे जवळून पाहता येतात. यातले आपल्या लेखात काहीच नाही, कारण लेखक दुपारी गेले असावेत. माझ्याही पहिल्या खेपेची तीच गत होती, त्यामुळे दोष देत नाही.

पुढील अंकात छायाचित्राखालची ओळ ‘पिएर सुलाज यांच्या रंगहीन काचा, १९९४’ अशी दुरुस्त करून छापावी. छायाचित्रात दिसणारा निळा रंग खोटा नाही. खिडकी उत्तरेकडची असणार आणि बाहेर आकाश निरभ्र असणार.

आपला नम्र,
एक नियमित वाचक