एकाच गोष्टीचे तीन चित्रपट

पुणे,
दि. ६ डिसेंबर

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीत तू घरी आलास तेव्हा माझ्या कपाटाच्या खालच्या कप्प्यापुढे बराच वेळ उभा होतास, आणि निघता निघता विचारलेस, की एकाच नावाचे तीन चित्रपट कशासाठी जपून ठेवले आहेस, आणि तेही तुला-मला दोघांनाही न येणाऱ्या भाषेतले. तुझ्या गाडीची वेळ झाली होती म्हणून मी तेव्हा काहीतरी तुटक उत्तर दिले. ते मला नंतर खात राहिले. आज फिनलंडचा स्वातंत्र्यदिन आहे. १९१७ साली याच दिवशी तो देश रशियापासून स्वतंत्र झाला. आज संध्याकाळी तिथल्या घराघरांत खिडकीत दोन मेणबत्त्या लावतील, लोक गावच्या चर्चजवळ सैनिकांच्या थडग्यांपाशी दिवे ठेवतील, आणि दुपारी तिथल्या दूरदर्शनवर त्या तिघांपैकी सर्वांत जुना चित्रपट लागेल. २००० सालापासून दर वर्षी तो याच दिवशी दाखवतात. उत्तर लिहायला याहून योग्य दिवस मला मिळाला नसता.

त्या तिघांचे नाव ‘तुन्तेमातोन सोतिलास’, म्हणजे ‘अज्ञात सैनिक’. मूळ कादंबरी वाइनो लिन्ना यांची, १९५४ सालची. लिन्ना ताम्पेरे शहरातल्या कापड गिरणीत कामगार होते आणि युद्धात मशीनगन तुकडीत होते. त्यामुळे कादंबरीही अशाच एका मशीनगन कंपनीची आहे. सेनापती तिच्यात जवळपास नाहीत. शेतकरी, मजूर, भित्रे, बढाईखोर, हट्टी आणि भले अशा साध्या माणसांचा तो एक घोळका आहे, आणि १९४१ ते १९४४ या सोव्हिएत संघाशी झालेल्या युद्धाच्या तीन वर्षांत तो आधी पुढे जातो, मग मागे येतो आणि वाटेत एकेक माणूस गळत जातो. पुढच्याच वर्षी एडविन लाइने यांनी तिच्यावर चित्रपट काढला. तेव्हा फिनलंडची लोकसंख्या सुमारे ४२ लाख होती, आणि त्या चित्रपटाची सुमारे २८ लाख तिकिटे खपली. या दोन आकड्यांचा मी पुष्कळदा विचार केला आहे. तान्ही मुले आणि अंथरुणाला खिळलेले म्हातारे वगळले, तर जवळजवळ सारा देशच चित्रपटगृहात जाऊन बसला होता, आणि पडद्यावर जे चालले होते ते त्यातल्या बहुतेक घरांत अकरा वर्षांपूर्वी प्रत्यक्ष घडून गेलेले होते.

मग १९८५ साली रौनी मोलबेर्ग यांनी तीच कादंबरी पुन्हा घेतली, आणि २०१७ साली, स्वातंत्र्याच्या शंभराव्या वर्षी, अकु लोउहिमिएस यांनी तिसऱ्यांदा घेतली. साधारण तीस-तीस वर्षांचे अंतर आहे, म्हणजे एकेका पिढीचे. आपल्याकडे रामायणाची कथा प्रत्येक पिढी आपल्या तऱ्हेने सांगते, पण तिच्यातल्या माणसांना पाहिलेला कोणी आपल्यात नाही. इथे पहिला चित्रपट करणारे स्वतः त्या युद्धाच्या पिढीचे होते, दुसरा पाहणारे त्यांची मुले होती आणि तिसरा पाहणारे नातवंडे. तिन्ही चित्रपट शेजारी ठेवल्याखेरीज हे कळत नाही. त्यातला एकच ‘चांगला’ निवडून बाकीचे दोन काढून टाकावेत, असे मला म्हणूनच वाटत नाही.

रोक्का नावाच्या सैनिकाचेच उदाहरण घे. हा फिनलंडच्या पूर्व सरहद्दीवरच्या कारेलियाच्या संयोगभूमीतला शेतकरी. १९४०च्या तहात त्याची जमीन सोव्हिएत संघाकडे गेली आहे, ती परत मिळवायची म्हणून तो लढतो. अधिकाऱ्याला सलाम ठोकण्यात त्याला रस नाही. लाइने यांच्या काळ्या-पांढऱ्या चित्रपटात रेइनो तोल्वानेन यांचा रोक्का बोलका, हसरा, जत्रेत भेटावा असा आहे, आणि त्याच्या त्या हसण्याखाली किती पक्का माणूस दडला आहे हे हळूहळू उमगते. लोउहिमिएस यांच्या चित्रपटात एएरो आहो यांचा रोक्का पुष्कळ गप्प आहे, आणि आपण त्याच्याबरोबर रजेवर त्याच्या घरी जातो, त्याची बायको, मुले आणि शेत पाहतो. १९५५च्या प्रेक्षकाला ते शेत दाखवण्याची गरजच नव्हती. चार लाखांहून अधिक माणसे कारेलिया सोडून उरलेल्या फिनलंडमध्ये आली होती, कोणाच्या ना कोणाच्या शेजारी राहत होती. २०१७च्या प्रेक्षकाला मात्र ते शेत डोळ्यांनी दाखवावे लागले. मोलबेर्ग यांचा चित्रपट या दोघांच्या मधला आणि पाहायला सर्वांत जड. त्यांचा कॅमेरा हातात धरलेला आहे, तो सैनिकांबरोबर धापा टाकत पळतो, आणि पोरसवदा चेहरे चिखलात असे मिसळून जातात की पहिला तासभर कोण कोण आहे हेच समजत नाही. आधी मला तो दोष वाटला होता. तिसऱ्यांदा पाहताना वाटले, की कोवळ्या मुलांच्या घोळक्यात अचानक जाऊन पडलेल्या माणसाला हेच दिसले असेल.

या पत्रात मी नावे देवनागरीत लिहितो आहे, त्याचाही एक आनंद आहे. फिनिशमधला ‘त’ आपल्या ‘त’सारखा दाताला जीभ लावून म्हणतात, आणि ‘रोक्का’तला ‘क्का’ आपल्या ‘पक्का’तल्यासारखाच जोरकस आहे. लिन्ना यांचे सैनिक आपापल्या मुलखाच्या बोलीत बोलतात: रोक्का कारेलियाच्या, हिएतानेन नैर्ऋत्येकडच्या, कोस्केला हामे प्रांताच्या. वऱ्हाडी, अहिराणी आणि मालवणी बोलणारी माणसे एका खंदकात आणून बसवावीत, तसे ते आहे. इंग्रजी सबटायटलमध्ये सगळे एकाच सपाट भाषेत बोलतात, आणि ही या संग्रहातली मला सर्वांत बोचणारी उणीव आहे. तरी कान देऊन ऐकत राहिले की लय वेगळी आहे हे ओळखू येऊ लागते, आणि एकदा ते ओळखू आले की वाचण्यापेक्षा ऐकावेसे जास्त वाटते.

संग्रहाची सुरुवात मात्र या तिघांपासून झाली नाही. ती ‘ताल्विसोता’पासून, म्हणजे ‘हिवाळी युद्धा’पासून झाली. ३० नोव्हेंबर १९३९ रोजी सोव्हिएत फौजा सरहद्द ओलांडून आल्या आणि १०५ दिवसांनी, १३ मार्च १९४० रोजी, युद्ध थांबले. पेक्का पारिक्का यांचा हा चित्रपट त्या आक्रमणाला बरोबर ५० वर्षे झाली त्या दिवशी, ३० नोव्हेंबर १९८९ला, प्रदर्शित झाला. त्यात कौहावा परिसरातले लोक आहेत. फिनलंडमध्ये एका मुलखाची माणसे एकाच तुकडीत घालत, त्यामुळे खंदकात शेजारी उभा असलेला माणूस भाऊ, मेहुणा किंवा बांधाला बांध लागून असलेला शेतकरी असे, आणि एका दिवसाच्या तोफमाऱ्यात एकाच गावातली कितीतरी घरे उजाड होत. तुझे आजोळ अपशिंग्याचे. तिथल्या सैनिकांच्या स्मारकापुढे उभे राहून तू मला एकाच आडनावाची माणसे दाखवली होतीस. म्हणून हा चित्रपट तुला माझ्यापेक्षा जास्त कळेल असे मला वाटते.

‘ताल्विसोता’ने मला आणखी एक गोष्ट शिकवली. मी पहिल्यांदा जी चकती मागवली, ती दोन महिन्यांनी आली आणि आपल्या इथल्या प्लेअरने ती वाचायलाच नकार दिला. तिकडच्या डीव्हीडीचा रीजन कोड २ असतो, आपला ५. सर्व रीजन चालवणारा प्लेअर घेतला, आणि मग लक्षात आले की विक्रेत्याने मला १२५ मिनिटांची, परदेशासाठी कापलेली आवृत्ती पाठवली होती. मूळ चित्रपट १९९ मिनिटांचा आहे, आणि दूरदर्शनसाठी केलेली आवृत्ती त्याहूनही मोठी. मी मोठा चित्रपट मिळवला आणि एका रविवारी दोन्ही पाठोपाठ पाहिले. कापलेल्या आवृत्तीत लढाया जवळजवळ सगळ्या होत्या. गेले होते ते वाट पाहणे: आगगाडीतला प्रवास, थंडीत पाय आपटत उभे राहणे, तोफा थांबल्यावर जमिनीखालच्या कोठडीत एकमेकांची तोंडे पाहत बसणे. ते काढल्यावर उरते ती नुसती मारामारी, आणि तो काही पारिक्कांचा चित्रपट नव्हे. तेव्हापासून मी नवी चकती आली की आधी मिनिटे पाहतो, मुखपृष्ठ नंतर.

आता तुला या छंदातला सर्वांत गोड भाग सांगतो. १९५५च्या चित्रपटात लेह्तो नावाच्या, नायक हुद्द्याच्या कठोर, निष्ठुर सैनिकाचे काम ओके लिंडमन यांनी केले आहे. हे गृहस्थ फिनलंडच्या राष्ट्रीय संघाचे फुटबॉलपटू. पुढे ते दिग्दर्शक झाले, आणि २००४ साली त्यांनी ‘एतुलिन्यान एदेस्सा’, म्हणजे ‘आघाडीच्याही पुढे’, हा स्वीडिशभाषक फिनिश सैनिकांच्या ६१व्या पायदळ रेजिमेंटवरचा चित्रपट काढला. फिनलंडमध्ये स्वीडिश ही दुसरी राजभाषा आहे, हे मला या चित्रपटामुळे नीट समजले. मग २००७ साली, वयाच्या ७९व्या वर्षी, त्यांनी ‘ताली-इहान्ताला १९४४’ केला, त्या उन्हाळ्यातल्या मोठ्या बचावाच्या लढाईचा. त्यात त्यांचे सहदिग्दर्शक साकारी किर्यावाइनेन होते, आणि या किर्यावाइनेन यांनीच २०११ साली ‘हिल्याइसूस’, म्हणजे ‘शांतता’, हा चित्रपट केला. एका चकतीवरचे नाव दुसऱ्या चकतीवर सापडते आणि त्या धाग्याने आपण तिसरीपर्यंत जातो. कपाटात हे चारही चित्रपट मी या धाग्याने शेजारी शेजारी लावले आहेत.

‘हिल्याइसूस’विषयी थोडे थांबून लिहायला हवे. दोन्ही युद्धांत फिनलंडने आपल्या पडलेल्या सैनिकांना शक्य तिथे घरी परत आणले. रणांगणावरून मृतदेह ओढून आणायचा, ओळख पटवायची, धुऊन शवपेटीत ठेवायचा आणि त्याच्या गावच्या चर्चच्या आवारात पुरायला पाठवायचा, असा तो क्रम. म्हणून तिथे जवळजवळ प्रत्येक गावाला सैनिकांच्या थडग्यांच्या रांगा आहेत. सुमारे ३७ लाख लोकवस्तीच्या देशाने ९० हजारांहून अधिक माणसे गमावली होती, हे लक्षात घे. ‘हिल्याइसूस’ हा मृतदेह आणणाऱ्या तरुणांचा आणि ते धुणाऱ्या स्त्रियांचा चित्रपट आहे. दोन फौजांच्या मधल्या मोकळ्या जागेत रात्री सरपटत जायचे, ते शत्रूला मारायला नव्हे, तर गोठलेला आपला माणूस उचलून आणायला. तो पाहिल्यावर मी १९५५चा चित्रपट पुन्हा लावला, आणि एकेक पात्र गळत जाताना मला प्रथमच विचार पडला, की याला मागे कोण घेऊन जाईल.

कप्प्यात लढाईचे नसलेले चित्रपटही आहेत, आणि ते मला तितकेच जवळचे आहेत. मिक्को निस्कानेन यांचा १९६२चा ‘पोयात’, म्हणजे ‘मुलगे’, जर्मन सैन्याने भरलेल्या ओउलू शहरातल्या पोरांचा आहे. त्याच्या शेवटी आपल्याला सोडून निघालेल्या आईच्या गाडीमागे धावणारा मुलगा मी विसरू शकत नाही. क्लाउस हॅरो यांचा २००५चा चित्रपट युद्धामुळे स्वीडनला पाठवलेल्या मुलाचा आहे. अशी सुमारे ७० हजार मुले गळ्यात नावाची चिठ्ठी अडकवून देशाबाहेर गेली. तुला सायकलचे वेड आहे म्हणून ‘रुकायार्वेन तिए’ तुझ्यासाठी वेगळा काढून ठेवला आहे. १९९९ सालच्या या चित्रपटात १९४१च्या उन्हाळ्यातली एक टेहळणी तुकडी जंगलवाटांनी सायकलींवरून जाते. २०२२चा ‘सिसू’ जगभर गाजला, पण तो साहसपट आहे आणि त्यातला म्हातारा मरतच नाही. या कप्प्यात माणसे मरतात, म्हणून तो मी घेतला नाही.

एक गोष्ट मात्र तुझ्यापासून लपवणार नाही. १९४१ ते १९४४ या युद्धात फिनलंड जर्मनीच्या बाजूने लढत होता, आणि त्याने व्यापलेल्या पूर्व कारेलियात, पेत्रोझावोद्स्क शहरात, रशियन नागरिकांना छावण्यांत कोंडले गेले. त्यांतली हजारो माणसे भुकेने आणि रोगराईने दगावली. माझ्या कप्प्यात त्या छावण्यांच्या आतला एकही चित्रपट नाही. जे चित्रपट आहेत ते त्या शहरातून जातात, तिथे दारू पितात, नाचतात आणि पुढे निघतात. मी हे चित्रपट प्रेमाने पाहतो आणि ती रिकामी जागाही मला दिसते. ती भरली जाईल तेव्हा तो चित्रपट मला हवा आहे, आणि त्याला मी ‘तुन्तेमातोन सोतिलास’च्या शेजारीच जागा देईन.

जानेवारीत तू चार दिवस येणार असे म्हणाला आहेस. पहिल्या रात्री ‘ताल्विसोता’ पाहू, पूर्ण १९९ मिनिटांचा, आणि जेवण आधी उरकून घेऊ. दुसऱ्या रात्री लाइने, तिसऱ्या रात्री लोउहिमिएस. मोलबेर्ग यांचा चौथ्या रात्रीसाठी ठेवला आहे, कारण तोपर्यंत रोक्का, कोस्केला आणि हिएतानेन यांना तू चेहऱ्याने नव्हे तर चालीवरून ओळखू लागलेला असशील, आणि त्या चिखलात तुला ते सापडतील. १९५५च्या चकतीवर इंग्रजी सबटायटल नाही. मी प्रसंगवार टिपणे मराठीत लिहून ठेवली आहेत, ती तुला वाचून दाखवीन. येताना जाडजूड स्वेटर आण, कारण माझ्या खोलीची खिडकी अजून नीट लागत नाही.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
सुधाकर