खोक्यावर लिहिलेले गाव

पुणे, १० ऑक्टोबर

चि. बाळ यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तू सुखरूप पोचल्याचा निरोप बाबांच्या फोनवर आला, तो मी दोनदा वाचला. त्यात माझ्यासाठी वेगळी ओळ नव्हती आणि ती मी मागतही नाही, कारण निघताना जे झाले त्याला तू कारण नव्हतास. पुस्तकांच्या खोक्यावर तू ठळक अक्षरांत ‘बेळगावी’ लिहिलेस आणि तू आत कपडे भरत असताना मी ते खोडून वर ‘बेळगाव’ लिहिले. तुला न विचारता दुसऱ्याच्या सामानावर पेन चालवण्याचा मला अधिकार नव्हता. बदलीच्या हुकमावर जे आहे तेच मी लिहिले, मी हुकूम बदलू का, असे तू विचारलेस, तेव्हा माझ्याजवळ उत्तर नव्हते म्हणून माझा आवाज चढला. तू डबा टेबलावर ठेवून निघून गेलास. झाल्या गोष्टीबद्दल मी मनापासून क्षमा मागते. हे पत्र त्या खोक्याबद्दलच आहे, १ नोव्हेंबरबद्दल नाही, हे आधीच सांगून ठेवते.

माझा हात तसा का चालला, हे मात्र तुला सांगायला हवे. लग्नानंतर मी पुण्याला आले तेव्हा नानांचे अंतर्देशीय पत्र दर पंधरा दिवसांनी येई. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात ते शहापूर, बेळगाव असे लिहीत आणि त्याखाली, जणू त्यात सांगण्यासारखे काही नाही अशा सहजतेने, ‘महाराष्ट्र’. टपाल खात्याला पिनकोड पुरेसा होता, पत्रे कधी चुकली नाहीत. नाना गेले त्या वर्षीच्या शेवटच्या पत्रावर अक्षर थरथरत होते आणि बाकीचा पत्ता अर्धवट होता, पण तो एक शब्द पूर्ण होता. ती सगळी पत्रे माळ्यावरच्या हिरव्या ट्रंकेत आहेत. तू लहानपणी त्यावरची तिकिटे कापून घेतली होतीस आणि मी तुला रागावले नव्हते, हे तुला आठवत असेल.

नाना १९५६ साली अठरा वर्षांचे होते. त्या वर्षी १७ जानेवारीला बेळगावात गोळीबार झाला, तो आवाज त्यांनी घरात बसून ऐकला. माझ्या आजीने दाराला आतून कडी घातली होती, आणि ती घातली याचा त्यांना जन्मभर राग होता. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना झाली आणि मुंबई राज्यातले बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. तेव्हापासून तो दिवस एकाच गावात दोन प्रकारे पाळला जातो. मराठी माणसे काळा दिन पाळतात, दुकाने बंद ठेवतात, दंडाला काळी फीत बांधून सायकल फेरी काढतात. आणि त्याच दिवशी चन्नम्मा चौकाकडे लाल-पिवळे झेंडे घेऊन कर्नाटक राज्योत्सवाच्या, म्हणजे राज्याच्या स्थापना दिनाच्या, मिरवणुका जातात. नानांच्या सायकलच्या कॅरिअरवर बसून मी त्या फेरीत किती वेळा गेले असेन! घोषणेतल्या गावांची नावे मला पाढ्यांसारखी पाठ होती, बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकी, आणि त्यांतले एकही गाव मी तेव्हा पाहिलेले नव्हते, आमचे सोडून.

१ नोव्हेंबरला तुझी बँक बंद असेल. त्या दिवशी घरीच राहा, एवढेच मला म्हणायचे होते. पण हे मी नंतर लिहिणार होते.

पुढचा इतिहास तुला ठाऊक आहे, तरी मी शिक्षिका होते, त्यामुळे सनावळी लिहिल्यावाचून हात थांबत नाही. सीमाप्रश्नासाठी सेनापती बापट उपोषणाला बसले, मग १९६६ मध्ये महाजन आयोग नेमला गेला, आणि १९६७ च्या अहवालाने २६४ गावे महाराष्ट्राला देऊ केली, पण बेळगाव म्हैसूर राज्यातच, म्हणजे आजच्या कर्नाटकातच, ठेवले. नानांनी तो अहवाल कधी मान्य केला नाही. आपल्या राज्यानेही केला नाही. २००४ मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा नाना म्हणाले होते की आता लवकर होईल. निकाल अजून लागायचा आहे, आणि निकालाची वाट पाहणारे आमच्या गल्लीतले जवळजवळ सगळे गेले. १९४६ च्या बेळगावच्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला होता, हे ते अशा अभिमानाने सांगत की जणू तो त्यांच्याच ओट्यावर झाला. तेव्हा ते आठ वर्षांचे होते.

आता १९८६. तेव्हा मी वीस वर्षांची होते आणि कन्नडसक्तीविरुद्धचे आंदोलन पेटलेले होते. जूनच्या सुरुवातीला गोळीबारात माणसे गेली. बेळगावजवळ हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकापाशी आजही १ जूनला लोक जमतात. दादामामा घोषणा द्यायला गेला नव्हता, तो औषध आणायला गेला होता. त्याचा डावा हात तेव्हापासून तसा आहे. तुला आम्ही लहानपणी सांगितले की तो सायकलवरून पडला. खरे सांगायला इतकी वर्षे लागली याचे मला वाईट वाटते, पण वाढत्या मुलाच्या मनात एखाद्या शहराची भीती पेरावी की नाही, हे मला कधीच ठरवता आले नाही, आणि आज तू त्याच शहरात आहेस.

त्या दिवसांत रस्ते ओस होते आणि घरात पीठ संपत आले होते. पलीकडच्या घरातल्या अक्का मागच्या दाराने जोंधळ्याच्या भाकऱ्या फडक्यात बांधून आणत, आईच्या हातात देत, ‘ऊट आयता?’, जेवण झाले का, असे विचारत आणि दादाचा हात बघून डोळ्यांना पदर लावत. त्यांच्या घरातले मोठे चिरंजीव तेव्हा पलीकडच्या मिरवणुकीत पुढे असत. अक्का गावाला नेहमीच ‘बेळगावी’ म्हणत. हा शब्द कुठल्या सरकारने त्यांच्या तोंडी घातलेला नव्हता. त्यांच्या आईनेही तोच म्हटला असणार. मी ‘बेळगाव’ म्हणे, त्या ‘बेळगावी’ म्हणत, आणि मला आठवते तोवर या कारणाने आमच्यात एकदाही अडले नाही. मग खोक्यावर तोच शब्द पाहून मी इतकी का बिथरले, याचा मी चार दिवस विचार करते आहे.

मला वाटते, कारण २०१४ मध्ये आहे. त्या वर्षी १ नोव्हेंबरला, नेमक्या त्याच तारखेला, कर्नाटकाने बारा शहरांची नावे बदलली. बेंगळुरू, मंगळुरू, मैसुरू, हुब्बळ्ळी, विजापूरचे विजयपुर, गुलबर्ग्याचे कलबुर्गी. यातली अकरा नावे मी वर्गात शांतपणे फळ्यावर लिहिली. ज्या लोकांची गावे आहेत त्यांच्या तोंडी जे नाव आहे ते कागदावर यावे, हे न्याय्यच आहे. १९९५ मध्ये ‘बॉम्बे’ जाऊन मुंबई झाले तेव्हा आपण पेढे वाटले होते, आणि बेंगळुरूची सूचना यू. आर. अनंतमूर्तींसारख्या लेखकाने केली होती, ती त्याच भावनेतून. बारावे नाव लिहिताना मात्र माझा खडू मोडला. इतर बहुतेक ठिकाणी नाव इंग्रजांकडून परत घेतले होते. बाराव्या ठिकाणी ते ज्या शेजाऱ्याशी वाद चालू आहे त्याच्याकडून घेतले, असे मला वाटले. अक्कांच्या ओट्यावरचा शब्द पाटीवर चढला की तो वेगळा होतो. त्याच वर्षी जुलैत बेळगावजवळच्या येळ्ळूर गावचा ‘महाराष्ट्र राज्य’ असा फलक पाडला गेला होता, तेही मनात ताजे होते.

आणि तरीही, बाळ, दोन्ही शब्द एकाच मुळाचे आहेत. किल्ल्यातली कमल बस्ती, ते जैन मंदिर, रट्ट राजांच्या काळातली, १२०४ ची. त्या काळच्या लेखांत गावाचे नाव वेणुग्राम आहे. वेळूचे गाव. त्यातून एका जिभेवर बेळगाव झाले आणि दुसऱ्या जिभेवर बेळगावी. सवड मिळाली की ती बस्ती बघून ये, तिच्या छतातले दगडी कमळ पाहण्यासारखे आहे. मात्र १ नोव्हेंबरला किल्ल्याकडे जाऊ नकोस, त्या बाजूला गर्दी असते.

एक गोष्ट मी बाबांनाही सांगितलेली नाही. निवृत्तीच्या वर्षी, २०२३ च्या मार्चमध्ये, नववीच्या घटक चाचणीत एका मुलीने नकाशात ‘औरंगाबाद’ लिहिले. २४ फेब्रुवारीला केंद्राची मान्यता येऊन छत्रपती संभाजीनगर हे नाव झाले होते, मी ते वर्गात सांगितलेही होते. मी अर्धा गुण कापला. पेपर हातात घेऊन ती काही बोलली नाही, फक्त घडी घालून दप्तरात ठेवला. तिचे आजोळ तिथले होते, तिची आजी त्या गावाला दुसरे काही म्हणत नसणार. खडकी, फतेहनगर, औरंगाबाद अशी त्या गावाची नावे मीच तिला शिकवली होती, मलिक अंबराने वसवल्यापासूनची. १९८८ पासून संभाजीनगर म्हणणारी माणसे कोण आणि औरंगाबाद म्हणणारी कोण, हे मात्र शिकवावे लागत नाही, पोरांना ते घरातून कळते. संभाजी महाराजांचे नाव त्या शहराला मिळाले याचा मला आनंद आहे आणि तो मी लपवणार नाही. पण त्या मुलीने उत्तर चुकवले नव्हते, तिने आजोळचे नाव लिहिले होते. दुसऱ्या दिवशी मी तो अर्धा गुण परत दिला. तिने ‘थँक यू टीचर’ म्हटले आणि माझ्याकडे पाहिले नाही. परवा तुझ्या खोक्यावर जो हात चालला तो तोच हात होता.

त्या मुलीला मी एका शब्दावरून एका बाजूला बसवले, तसे तुला कुणीतरी बसवेल, हीच माझी भीती आहे. चहाच्या टपरीवर, लिफ्टमध्ये, कुणी सहज विचारेल, ‘ऊर यावदु, कुठले तुम्ही?’ आणि तू जे नाव उच्चारशील त्यावरून तुझ्या आजोबांचे, मतांचे, कदाचित प्रामाणिकपणाचेही माप घेतले जाईल. ‘बेळगाव’ म्हणालास तर एकाला तू महाराष्ट्र एकीकरण समितीचा वाटशील, ‘बेळगावी’ म्हणालास तर दादामामाच्या जुन्या मित्रांना तू बाटलेला वाटशील. हे तिकडेच होते असेही नाही. ६ डिसेंबर २०२२ ला हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यापाशी महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगड पडले, आणि त्याच दिवशी आपल्या स्वारगेटजवळ कर्नाटकच्या बसगाड्यांना काळे फासले गेले. बाबा त्या संध्याकाळी तिथून चालत आले. एका गाडीचा ड्रायव्हर पायरीवर बसून हातातल्या फडक्याकडे पाहत होता, इतकेच ते म्हणाले आणि जेवले नाहीत.

म्हणून सांगते, नोकरीच्या जागी जे अधिकृत आहे ते लिही, घरी जे आपले आहे ते बोल, वादात पडू नकोस, मोबाईलवर काही पुढे पाठवू नकोस, गाडीवर काही चिकटवू नकोस, कन्नड शिक, मराठी माणूस काउंटरवर आला तर त्याच्याशी मराठीत बोल आणि मागे उभ्या असलेल्या माणसाला ते खटकले तर त्याच्याशी कन्नडमध्ये बोल… हे मी वाचून पाहिले. मी पुन्हा फळ्यापाशी जाऊन उभी राहिले आहे. तू अठ्ठावीस वर्षांचा आहेस, तुला माणसे कळतात, आणि मला जे साठीपर्यंत साधले नाही ते मी तुला सात वाक्यांत करायला सांगते आहे. क्षमा कर.

खरे तर बाबांशी बोलताना मागून तुझा आवाज आला तेव्हा मला फार बरे वाटले. तू घरमालकिणीला कन्नडमध्ये काहीतरी विचारत होतास, अडखळत, पण न लाजता. नानांना कन्नड उत्तम येत असे, हे तुला माहीत आहे का? अक्कांशी ते कन्नडमध्येच बोलत, तारीख कुठलीही असो, काळी फीत दंडावर असतानाही. मी ते विसरले होते. तुझ्या तोंडून ऐकले आणि एकदम आठवले.

अक्का आता नाहीत, पण घर असेल. शहापूरला जाशील तेव्हा नानांच्या दारासमोरून तिसरे, पायऱ्या काळ्या दगडाच्या. त्यांचे थोरले चिरंजीव आता पंचाहत्तरीचे असतील. नानांचा नातू आहे असे सांग. ते गावाला काय म्हणतात, ते ऐकून घे.

दिवाळीला येशील तेव्हा रजा २ नोव्हेंबरपर्यंत वाढवता आली तर पाहा. न आली तरी हरकत नाही, मी आग्रह करत नाही. मग १ तारखेला संध्याकाळी सात वाजता फोन कर, मिनिटभरच कर. शंकरपाळ्यांचा डबा बाबा उद्या कुरिअरने पाठवणार आहेत. त्यावरचा पत्ता त्यांनाच लिहायला सांगितला आहे.

तुझी
आई